पाणी अठ्ठावीस, पोहण्यास उत्तम

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. तापाचा नव्हे, समुद्राचा. मला कधी कोणी काखेत धरलं नाही, याचं मला समाधान आहे.

माझी उमेदीची वर्षं अंदमानातल्या एका लहान बेटावरच्या हॉटेलात गेली. रोज सकाळी मला समुद्रात बुडवत. मग किनाऱ्यावरच्या पाटीवर चार ओळी लिहीत : पाणी एकोणतीस, लाटा कमी, ओढ नाही, खोली कंबरभर. त्यानंतरच हिरवा झेंडा लागे आणि पाहुणे पोहायला उतरत. त्या पाटीत माझी ओळ एकच होती. तरी लोक पाहत माझ्याकडेच. मी फुगलो.

तिथल्या भटारखान्यात अयूबभाई स्वयंपाकी होते. २००१ साली ते नोकरी सोडून आपल्या गावी, कुरखेड्याला परतले, तेव्हा हॉटेलच्या साहेबाने त्यांना निरोपाची भेट म्हणून मला दिलं. घड्याळ मिळेल असं त्यांना वाटलं होतं.

कुरखेड्यात त्यांनी सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. मुलगी रूही अकरा वर्षांची. तिला समुद्र दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. समुद्र काही आणता आला नाही. म्हणून त्यांनी गावतलावावर मला सुतळीने टांगलं, पाटी लावली, जुन्या ओढणीचा हिरवा झेंडा केला. तलावाला लाटा नसतात, ओढ नसते, म्हणून बाकीच्या ओळी त्यांनी गाळल्या. उरलो मी एकटा. म्हशींनी पाटी कधी वाचली नाही. त्या आपल्या पोहत, पण घाटाच्या डाव्या बाजूला जात नसत.

तलावात मासे धरणारे उमाजी रोज थांबत.

"अयूबभाऊ, पाण्याले ताप हाय का जी आज?"

"अठ्ठावीस हाय. अंदमानसारखंच!"

"अन् डाव्या अंगचा खड्डा? उन्हाळ्यात धानाच्या बांध्यांसाठी गाळ नेला ना टॅक्टरनं. त्याचं काऊन नाई लिवत?"

"खड्ड्याले अंश नसते, भाऊ."

दोघंही हसले. मीही हसलो असतो, पण माझ्यात पारा आहे.

सप्टेंबरातला रविवार होता. तलाव काठोकाठ भरलेला. पाटीवर : पाणी अठ्ठावीस, पोहण्यास उत्तम. रूही एरवी ट्रकच्या ट्यूबवर तरंगायची. उत्तम वाचून तिने ट्यूब काठावरच ठेवली. डाव्या बाजूने पाण्यात तीन पावलं चालली. चौथं पाऊल टाकायला खाली जमीन नव्हती.

मी हातभर अंतरावर लटकत होतो. मी अठ्ठावीसच दाखवत राहिलो.

उमाजींनी डोंग्यातून उडी घेतली आणि वेणी धरून तिला वर काढलं. पोटातलं पाणी निघालं. ती म्हणाली, "अब्बू, पाटीवर तं उत्तम लिवलं होतं ना?"

अयूबभाईंनी तळहाताने पाटी पुसली. खडूने हात पांढरा झाला, तो त्यांनी कितीतरी वेळ धुतला नाही.

उमाजींनी त्याच दिवशी खड्ड्यापाशी लांब बांबू रोवला. त्याला आकडे नाहीत, पारा नाही. तरी सगळं गाव त्याच्याकडे बघून उतरतं. रूही सोडून. ती आता तलावाच्या रस्त्यानेही जात नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याची जरूर काळजी घ्या, पुसून ठेवा. पण पाण्यात उतरायचं असेल तर आधी त्या पाण्यात रोज उतरणाऱ्याला विचारा. मला एकच गोष्ट कळते, आणि ती मी फार ठामपणे सांगतो.

सध्या मी दुकानाच्या खणात असतो, पंक्चरच्या डब्याशेजारी. मे महिना आहे. इथे त्रेचाळीस अंश. लाटा नाहीत. पोहायला कोणी नाही.