काढून ठेवलेला रिसीव्हर

"रिसीव्हर उचलला की आधी आपण बोलायचं, ताई. पलीकडच्याला आपण दिसत नाही ना! गप्प राहिलात तर त्याला वाटेल, घरात कुणी नाहीच."

मला भिंतीतल्या तारेशी जोडता जोडता लाइनमन असे म्हणाला होता. त्या ताईंनी मान डोलावली, आणि तो जिना उतरल्याबरोबर मला पदराने पुसून घेतले. तो स्पर्श मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जडशीळ, बोट घालून फिरवायच्या तबकडीचा. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर नुसत्या घंटा तपासत बसायची. माझी घंटा वाजली तशी ती शेजारणीला म्हणाली, "याचा आवाज बघ किती गोड आहे. चांगल्या घरी पडेल हा." तिचे म्हणणे खरे झाले. मी खरोखरच चांगल्या घरी पडलो. चांगल्या घरात दुःख येत नाही, असे मात्र तिने सांगितले नव्हते.

घर म्हणजे शर्टांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वडील बसडेपोत मेकॅनिक होते. वाटेत कुठे बस बंद पडली की त्यांना बोलावणे यायचे, म्हणून माझी नेमणूक झाली. त्या ताई म्हणजे घरची आई. ती खालच्या दुकानाच्या कॉलरी शिवून द्यायची. आणि त्यांची एकुलती एक मुलगी. तिला बुरशीचे वेड होते. पिकांवर बुरशी का पडते, एका शेतावरून दुसऱ्या शेतावर कशी जाते, हे तिला शोधायचे होते. कॉलेजातून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक तिने माझ्या शेजारी मांडला होता.

"या घरात शिळा पाव टाकायची चोरी झालीय," वडील म्हणत. "बाईसाहेबांची पाळीव बुरशी आहे त्यावर!"

"बाबा, त्या बशीला हात लावू नका हं."

"छे, मी कसला लावतो! मला चावली म्हणजे?"

त्या काळी मोबाइल नव्हते. आळीत फोन एकटा मीच. शेजाऱ्यांचे फोनही माझ्यावरच यायचे. आई रिसीव्हर टेबलावर काढून ठेवायची, जिना उतरून ज्याचा फोन असेल त्याला बोलवायला जायची, आणि पलीकडचे माणूस निवांत थांबायचे. कुणी घाई करत नसे. माझे खूप कौतुक होई. माझ्यावर लोकरीचे विणलेले झाकणही आले होते.

मग मुलीने परदेशी शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करायचे ठरवले. मित्रांनो, अर्ज म्हणजे काय असते ते मी टेबलावर बसून पाहिले आहे. गुणपत्रिकांच्या नकला, त्यांवर साहेबांच्या सह्या, परक्या भाषेची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रे. एक प्राध्यापक तर इतके विसरभोळे, की ती रोज माझी तबकडी फिरवून विचारायची, "सर, पत्र झालं का?" आणि ते रोज म्हणायचे, "आज नक्की!" शेवटी पाकीट तयार झाले तेव्हा आईने ते आधी देवापुढे ठेवले, मग मुलीच्या हातात दिले.

त्या दिवशी आईने नेम धरला. लेकीचे काम होईपर्यंत रोज दुपारपर्यंत मौन पाळायचे. देवाजवळ मागायला आपल्याकडे दुसरे काय आहे, असे तिला वाटले असावे. जे हाताशी होते ते तिने दिले.

सकाळी घरात कुणी नसताना मी वाजलो, की आई रिसीव्हर उचलून त्यावर नखाने वाजवायची. टक टक. म्हणजे, मी आहे, बोला. ही खूण सगळ्यांना माहीत झाली होती. डेपोतला माणूस म्हणायचा, "बरं वहिनी, मौन दिसतंय. साहेबांना म्हणावं पुलाजवळ या." आणि मावशी तर मुद्दाम सकाळीच फोन करायची. सासूपासून सुनेपर्यंतची सगळी गाऱ्हाणी सांगून झाली की म्हणायची, "मौनात असलीस ना, की तू काय छान ऐकतेस गं!" आई तोंडावर पदर धरून हसायची. टक टक.

मुलाखत झाली. पत्र आले. मुलीचे नाव निवडीत नव्हते, पण प्रतीक्षा यादीत पहिले होते. जागा मोकळी झाल्यास दूरध्वनीने कळवू, असे त्यात लिहिले होते. पुढल्या वर्षी तिचे वय नियमात बसणार नव्हते. तेव्हा काय व्हायचे ते याच वर्षी.

"आमचं विमान धावपट्टीवर उभं आहे," वडील ज्याला त्याला सांगत. "फक्त झेंडा दाखवायचा राहिलाय."

"बाबा, झेंडा गाडीला दाखवतात."

"विमानालाही दाखवतील. माझ्या लेकीचं विमान आहे."

त्या दिवसांत सगळे घर माझ्याकडे पाहत असे. मुलगी घराबाहेर पडेनाशी झाली. अखेर एका सकाळी आईने तिला साबण आणायला बाजारात पिटाळले. खुणेनेच. घरात बसून पोरीचे तोंड उतरले होते, म्हणून.

ती गेली आणि मी वाजलो.

आईने कॉलर खाली ठेवली, रिसीव्हर उचलला. टक टक.

"नमस्कार, शिष्यवृत्ती कार्यालयातून बोलतोय. प्रतीक्षा यादीतल्या बाईंशी बोलायचं होतं. एक जागा मोकळी झालीय. हॅलो?"

आईचा श्वास माझ्यात अडकला. मला तो ऐकू येत होता.

टक टक. टक टक.

"हॅलो! आज दुपारच्या आत होकार हवाय आम्हाला. ऐकू येतंय का?" मग शेजारच्या कुणाला तरी तो म्हणाला, "नुसतं टकटक होतंय, लाइन खराब आहे वाटतं."

आईचे ओठ उघडले होते, मित्रांनो. मी तिच्या तोंडाजवळ होतो, मला कळले. पण बोलले तर नेम मोडेल, आणि ज्याच्यासाठी नेम धरला तेच हातचे जाईल, अशी तिला भीती वाटली. तिला कुणी हसू नये. तिने कधी देवाला दिलेला शब्द मोडला नव्हता. म्हणून तिने रोजच्यासारखेच केले. रिसीव्हर टेबलावर अगदी हळू, माणूस थांबलेला आहे अशा जपणुकीने काढून ठेवला, आणि लेकीला बोलवायला ती अनवाणी धावत सुटली.

टेबलावर आडवा पडून मी ऐकत होतो. "कुणी आहे का तिकडे?" एवढे तो म्हणाला, थोडा थांबला, आणि त्याने फोन ठेवला.

रिसीव्हर जागेवर नसला की आमची घंटा वाजू शकत नाही. पुन्हा फोन करणाऱ्याला लाइन गुंतलेली आहे असाच आवाज येतो. त्याने पुन्हा केला. परत केला. मी टेबलावर पडून होतो.

बाजारातही आईने हाक मारली नाही. गर्दीतून, दुकानादुकानांतून ती लेकीला शोधत राहिली. सापडली तेव्हा मूठ कानाशी धरून दाखवली आणि तिचा दंड धरून ओढत आणले. मुलीला वाटले, बाबांना डेपोत काही झाले. तिने रिसीव्हर उचलला तर नुसता सूर. तिने तो जागेवर ठेवला.

"कुणाचा होता, आई?"

आईने इकडे तिकडे पाहिले. कागद शोधला, पेन्सिल शोधली. आणि मग तिला राहवले नाही.

"शिष्यवृत्तीवाल्यांचा! जागा झालीय म्हणाले गं!"

दुपार अजून व्हायची होती. असा तो नेम मोडला.

बाहेरगावची लाइन लवकर मिळेना. मिळाली तेव्हा तोच कारकून बोलला. माणूस वाईट नव्हता. त्याचा आवाज पडला होता. "बाई, आम्ही केला हो फोन. एकदा लागला, पण पलीकडे कुणी बोलेना. मग सारखा एंगेज. आम्हाला वाटलं, घरात कुणी नाही. पुढच्या उमेदवाराला कळवलं. त्यांनी होही म्हटलं. आता काही करता येत नाही."

"बरं," मुलगी म्हणाली. "आभारी आहे."

आई तिच्या शेजारीच उभी होती. माझा आवाज मोठा. तिला सगळे ऐकू गेले.

संध्याकाळी वडील आले. त्यांना कळल्यावर ते बराच वेळ हातातली टोपी चाचपत राहिले. मग आईला म्हणाले, "त्याला मुकी माणसं आवडतात का गं, तुझ्या देवाला?"

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली.

ती एवढेच बोलली. आईला तिने कधी दोष दिला नाही. पण 'तुझा दोष नाही' असेही कधी म्हटले नाही. तिला म्हणायचे नव्हते असे नाही. तो विषय निघाला की तिला रडू येई आणि ती उठून जाई. सूक्ष्मदर्शक कॉलेजात परत गेला. पुढे त्याच कॉलेजात तिला प्रयोगशाळेत नोकरी लागली. वडिलांनी पुन्हा विमानाचे नाव काढले नाही.

देवाने आईला शिक्षा केली, असे मी म्हणणार नाही. तिची प्रार्थना चालूच होती, आता मोठ्याने. पण कॉलरी शिवण्याची जागा तिने बदलली. रोज सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसायची. घंटेचा पहिला सूर पुरा व्हायच्या आत उचलायची आणि भरभर म्हणायची, "हॅलो, मी तिची आई बोलतेय. ती घरातच आहे. थांबा हं, ठेवू नका!" चुकून लागलेला फोन असो, काही विकणारे कुणी असो. "ठेवू नका हं." लोक ठेवून द्यायचे.

पुढे घरात मोबाइल आले. माझी तार कापली गेली, झाकण विरले, तबकडीत धूळ बसली. तरी आई मला माळ्यावर टाकू देईना.

ती आजारी पडली तेव्हा तिची खाट माझ्या टेबलाशी होती. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिने लेकीला जवळ बोलावले.

"एक काम करशील? त्या माणसाला जाऊन सांग."

"कुठल्या माणसाला?"

"शिष्यवृत्तीवाल्या. त्याला वाटलं, घरात कुणी नाही. माझ्या लेकीला पाठीमागं कुणी नाही, असं वाटलं असेल गं त्याला. सांग, आई होती म्हणून. फोनवर होती."

"आई, किती वर्षं झाली. तो निवृत्त झाला असेल."

"मग विचारत जा. माणसाचं घर सापडतं. पण फोन करू नकोस. समोर बसून सांग."

"सांगेन."

"नक्की?"

"नक्की, आई. आणि ऐक ना, तुझा दोष..." पण आईचा डोळा लागला होता. मुलीने तिला उठवले नाही. उठल्यावर सांगू, असे तिला वाटले. आई उठली नाही.

मित्रांनो, तुमच्या खिशात आता माझी हलकी, चकचकीत नातवंडे आहेत. त्यांची काळजी घ्या. आणि त्यांच्यातून बोलताना कधी पलीकडून आवाज आला नाही, तर लगेच बंद करू नका. क्षणभर थांबा. कुणाचे ओठ उघडे असतील आणि शब्द फुटत नसेल. आणि आपल्या माणसाला जे सांगायचे आहे, ते तो जागा असताना सांगा.

मुलीने चौकशी केली. कार्यालयात विचारले, जुन्या लोकांना विचारले. तो कारकून आता दूरच्या एका गावी मुलाकडे राहतो, असे कळले.

आज सकाळी तिने वडिलांचा चहा झाकून ठेवला, पाण्याची बाटली पिशवीत घातली.

"सुट्टीच्या दिवशी कुठे निघालीस?" वडिलांनी विचारले.

"आईचं एक काम राहिलंय."

"छत्री ने," ते म्हणाले.

तिने दार हलकेच ओढून घेतले. खिडकीतून मला रस्ता दिसतो. केस पांढरे झालेली ती मुलगी पिशवी खांद्याला लावून, कुणाशी न बोलता, बसथांब्याकडे चालत गेली.