चौथ्या टेकचा कागद

कॅमेरा चालू असताना 'कट' म्हणायचा हक्क सेटवर एकाच माणसाला असतो, दिग्दर्शकाला. छप्पर गळू दे, नटाला भोवळ येऊ दे, बाकीच्यांनी तोंड शिवून बसायचं. ओदील हे नऊ वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी शिकली होती, आणि नऊ वर्षांत तिनं टेक चालू असताना साधी शिंकसुद्धा दिली नव्हती.

तिचं काम लक्षात ठेवण्याचं. सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी काढतात. आज दार उघडतं आणि आठवड्यानं त्याच दारातून माणूस आत येतो. तेव्हा त्याची कॉलर उभी होती की पडलेली, सिगारेट किती जळली होती, हातमोजा कुठल्या हातात होता, हे सगळं ओदीलच्या मांडीवरच्या पॅडमध्ये असायचं. गळ्यात स्टॉपवॉच, खांद्याला जागेवरच फोटो देणारा पोलरॉइड कॅमेरा, कानामागे पेन्सिल. हल्ली खांद्यावर दुधाचा आंबूस वाससुद्धा. तिचा तिबो सात महिन्यांचा झाला होता आणि त्याला दात येत होते.

त्या दातांनीच सोमवारी घोळ केला होता. रात्रभर जागून आलेल्या ओदीलनं सिगारेट उजव्या हातात लिहिली, ती होती डाव्या हातात. अर्ध्या दिवसाचं काम पाण्यात गेलं. निर्मितीची व्यवस्था बघणारा ग्रोबुआ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मादाम, बाळंतपणात डोकंही दवाखान्यातच विसरलात वाटतं!" लोक हसले. मग जवळ येऊन, न हसता, "आणखी एक चूक, आणि तुमच्या खुर्चीत दुसरी बाई बसेल."

म्हणून गुरुवारी दुपारी बारा वाजता लव्हाल्वा या उपनगरातल्या एका बंद पडलेल्या गराजमध्ये ती सगळ्यांच्या आधी हजर होती. तिबोला शेजारच्या मादाम पिकारकडे सोडताना त्यानं मुठीत धरलेलं तिचं बटण सोडलंच नव्हतं. एकेक बोट सोडवावं लागलं होतं. सिमेंटच्या भिंतींना ओल होती, सेन नदीवरचं धुकं उतरत्या रस्त्यानं आत आलं होतं आणि दिव्यांच्या उजेडात धुरासारखं लोंबत होतं.

प्रसंग सरळ होता. म्हातारा दरोडेखोर आपल्या दगाबाज चेल्याला गाड्यांच्या रांगेत गाठतो आणि गोळी घालतो. एक शब्द नाही, नुसती चाल. एका मिनिटाच्या वर चाल, मग हात वर, मग गोळी. म्हातारा म्हणजे ऑरेल्यँ दास्तिए. तीस वर्षं या देशात पावसाळी कोट आणि वाकडी हॅट घालून कुणी गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की लोक म्हणत, काय रे, दास्तिए झालास का? चेला म्हणजे लोईक, चोवीस वर्षांचा, पश्चिम किनाऱ्यावरचा ब्रेतॉन, बडबड्या. मंगळवारी पेपरात छापून आलं होतं की निर्मात्यानं पुढच्या तिन्ही सिनेमांसाठी लोईकला घेतलंय. त्यातला पहिला सिनेमा दास्तिएसाठी लिहिला होता हे सेटवर सगळ्यांना माहीत होतं. दास्तिएनं तो पेपर नीट घडी घालून खिशात ठेवला होता. ओदीलनं पाहिलं होतं. पाहणं हीच तिची खोड.

लोईकनं येता येताच तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. "पिल्लू कसंय? मोजे बसतात का त्याला?"

"एक पायात बसतो. दुसरा तो चोखतो."

"आईला कळवतो. म्हणेल, लोकर चवदार निघाली."

त्याच्या आईनं दूर किनाऱ्यावरच्या गावातून, न पाहिलेल्या बाळासाठी निळे मोजे विणून पाठवले होते.

सामानवाला फेर्नां पेटी उघडून बसला होता. साठीचा माणूस, बोटं तंबाखूनं पिवळी. त्यानं रिव्हॉल्व्हर काढलं तसं ओदीलनं कालचा फोटो पुढे धरला.

"हे नाही."

"काय नाही?"

"कालच्याच्या मुठीला खाली टवका गेलेला आहे. बघा."

फेर्नांनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "पोरी, माझ्या पेटीत टवका गेलेलं एकही नाही. हत्यारं मी लेकरांसारखी सांभाळतो."

"मग काल कुठलं होतं?"

"माझं होतं," मागून आवाज आला. दास्तिए. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून ते काढलं. काळं, जड, मुठीला टवका. "फेर्नांची ती खेळणी हातात धरली की चेहराही पत्र्याचा होतो. वजन असलं की हात आपोआप खरं बोलतो. काल तुझ्या पेटीत परत टाकलं ते तुझं होतं, फेर्नां, वापरलं ते माझं. पण या बाईच्या नजरेतून काही सुटायचं नाही, हं?"

"बाहेरचं हत्यार सेटवर नको, मस्यो," फेर्नां म्हणाला.

दिग्दर्शक ब्रेमों घड्याळाकडे बघत आला. "काय लफडं आहे?"

ग्रोबुआ चार पावलांवर उभा होता. ओदीलला सोमवार आठवला. "कालच्याशी जुळत नाही," ती म्हणाली. "जुळवायचं तर मस्योंचंच लागेल."

"मग तेच घ्या! ओदील म्हणते म्हणजे झालं."

"मीच म्हणाले," असं तिनं नंतर पुष्कळ रात्री स्वतःला सांगितलं.

फेर्नांनं कुरकुरत रिव्हॉल्व्हर उघडलं, नळीतून दिव्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं मोजत सहा फुसक्या गोळ्या भरल्या. त्याच्या गोळ्यांत नुसती दारू असायची, तोंडाला लाल मेण. "सहा लाल," तो म्हणाला. ओदीलनं लिहिलं, सहा लाल.

पहिला टेक. दास्तिए गाड्यांमधून चालत आला, हात वर झाला, निशाणा लोईकच्या उजवीकडच्या खांबावर. फुसकी गोळी असली तरी माणसावर रोखायची नाही, थोडं बाजूलाच धरायचं, हा सगळ्यांचा नियम. कॅमेऱ्यातून फरक कळत नाही. धडाम. लोईक मेला. ओदीलनं लिहिलं, टेक एक, निशाणा खांब.

टेक दोन, खांब. टेक तीन, खांब.

लोईक जमिनीवरून उठत पँट झटकत होता. "दादा, आज किती वेळा मारणार? माझा तर आता मरायचा हात बसला. पुढच्या सिनेमात तुम्हाला मी मारेन, तेव्हा शिकवीन."

तंत्रज्ञ हसले. दास्तिएसुद्धा हसला. फक्त ते हसू एका बाजूनंच आलं आणि लगेच परत गेलं.

तेवढ्यात वरचा मोठा दिवा फुटला. दहा मिनिटं सुट्टी. फेर्नांनं तिन्ही रिकाम्या पुंगळ्या काढून पुन्हा तीन लाल भरल्या आणि हात पुढे केला. "द्या इकडे, मस्यो. भरलेलं माझ्याजवळ राहतं."

"राहू दे रे. वजनाची सवय मोडायला नको." दास्तिए ते घेऊनच आपल्या खोलीत गेला. तीस वर्षं नाव कमावलेल्या माणसाच्या हातातून वस्तू काढून कोण घेणार? फेर्नां दाराकडे बघत राहिला, मग पेटी बंद करून त्यानं सिगारेट वळली.

ओदील खुर्चीत बसून राहिली. दोनची वेळ, तिबोच्या दुधाची. छाती दाटून आली होती. ब्लाउजच्या आत घातलेली रुमालाची घडी ओली झाली, आणि तिला वाटलं, आता रडत असणार तो.

दास्तिए परत आला. खुणेवर उभा राहिला. नियमाप्रमाणे ओदीलनं त्याचा फोटो काढला. त्यानं गंमतीनं रिव्हॉल्व्हर सरळ तिच्या कॅमेऱ्यावर रोखलं. "हसू?"

"कॉलर डावीकडून थोडी खाली, मस्यो."

पोलरॉइडचा कागद बाहेर आला की साठ सेकंद थांबायचं आणि मग सोलायचा. ब्रेमों ओरडला, "सगळे गप्प! कॅमेरा!" ओदीलनं कागद मांडीवर ठेवला, स्टॉपवॉच दाबलं.

दास्तिए चालू लागला. त्याच्या बुटांचा आवाज छताला लागून परत येत होता. दहा सेकंद. वीस. तो नेहमीपेक्षा हळू येतोय, तिनं लिहिलं. खांद्यांत काही बदललं होतं. तीन टेक त्यानं खांदे सैल ठेवले होते, कारण तो नट होता आणि मारण्याचा अभिनय करत होता. आता ते खांदे अभिनय करत नव्हते. चाळीस. पन्नास. हात वर जायला लागला. तिची पेन्सिल सवयीनं चालत होती, वर बघत खाली लिहीत. टेक चार, निशाणा...

छाती, तिनं लिहिलं. आणि लिहिलेलं वाचलं.

साठ. तिनं कागद सोलला. फोटोतली काळी नळी थेट तिच्याकडे बघत होती, आणि नळीच्या बाजूनं दिसणाऱ्या भोकांत लाल ठिपके. एक लाल, दोन लाल, तीन लाल. चौथा ठिपका लाल नव्हता. करडा होता, गोल, गुळगुळीत. तिबोच्या हिरडीतून नुकत्याच वर आलेल्या दातासारखा.

समोर लोईक चेहरा कोरा ठेवून उभा होता, कसलेल्या नटासारखा, मरायची वाट बघत. त्याच्या गळ्यातला मफलरही कुणीतरी घरीच विणलेला होता.

"कट!"

तिला आधी कळलंच नाही की आवाज आपला आहे. ती उभी राहिली होती, पॅड खाली पडलं होतं. "कट! खाली करा ते! खरी गोळी आहे!"

लोईक दचकून गाडीमागे झाला. दास्तिएचा हात जागेवरच होता. एक सेकंद. दोन. स्टॉपवॉच अजून चालूच होतं, म्हणून तिला ते नक्की माहीत आहे. चौथ्या सेकंदाला हात खाली आला.

"वेड लागलंय का तुला?" ब्रेमों तिच्या अंगावर धावून आला. तिनं फोटो त्याच्या तोंडासमोर धरला. फेर्नांनं पळत येऊन दास्तिएच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, चक्री उघडली, तळहातावर उलटी केली. पाच लाल आणि एक शिशाची.

 

दास्तिए पहिला बोलला. हळू, दुखावल्यासारखा. "फेर्नां. अरे, तुझे डोळे गेलेत."

"मी सहा लाल भरल्या होत्या! मोजून!"

"माझ्या खिशात गावाकडच्या दोन-चार गोळ्या असतात, काल तुझं परत टाकताना एखादी तुझ्या पेटीत पडली असेल, तीच चुकून हाताला लागली. वय झालं की होतं, बाबा. मी तक्रार करणार नाही."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ओदीलला तो ऐकू आला. चूक झाली होती, म्हाताऱ्या सामानवाल्याची. चूक असली की कुणालाच दुसरं काही विचारावं लागत नाही. ग्रोबुआ लगेच फेर्नांला घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला. दोन ओळी लिही, सही कर, प्रकरण इथंच मिटवू. ब्रेमोंनं फोटो खिशात घातला. लोईक पांढराफटक, गाडीच्या बॉनेटवर बसून कुणीतरी दिलेली ब्रँडी पीत होता आणि दात वाजवत हसायचा प्रयत्न करत होता. "मी म्हटलं ना, हात बसला म्हणून..."

ओदील वाकून पॅड उचलत होती. तिच्यासमोर बूट येऊन थांबले.

"काय लिहितेस इतकं?" दास्तिए शेजारच्या खुर्चीत बसला. पडद्यावर बायका ज्या आवाजावर जीव टाकायच्या, तोच आवाज. "बघू."

त्यानं वाचलं. बोट ओळीवरून सावकाश फिरलं. खांब. खांब. खांब. छाती.

"दमतेस तू. लहान मूल घरी. झोप नाही." तो कागदावरून नजर न काढता बोलत होता. "तिबो ना? मादाम पिकार सांभाळतात त्याला, तुझ्या शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर. लोईक सांगत होता. तिथला जिना फार अंधारा आहे, म्हणे. जपायला हवं."

 ओदीलच्या छातीतून दूध वाहायला लागलं, उबदार, थांबेना.

"सोमवारीही तू चुकीचंच लिहिलं होतंस, नाही?" तो म्हणाला. त्यानं वरचा पांढरा कागद कडेनं धरून अगदी अलगद फाडला, मंगळवारच्या पेपरासारखी त्याची नीट घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली. तिच्या हातावर थोपटलं. "घरी जा. पिल्लाला घे."

तो उठून गेला.

ओदीलनं पॅडकडे पाहिलं. पांढऱ्याखाली कार्बन होता, कार्बनखाली पिवळा कागद, त्याखाली पुन्हा कार्बन आणि गुलाबी. पांढरा संकलकाला, पिवळा कचेरीला, गुलाबी तिच्यापाशी. तीस वर्षं या कागदांवर दास्तिएचा प्रत्येक झुरका लिहिला गेला होता, पण तो कागद भरतात कसा हे त्यानं कधी वाकून पाहिलं नव्हतं. नट कुठे पाहतात. निळ्या, किंचित पुसट अक्षरात सगळं तिथंच होतं. वेळ, सहा लाल, खांब, खांब, खांब, छाती.

हे फाडून टाकलं तर उद्या कामावर यायचं. जिन्यात दिवा लावून घ्यायचा, बस.

कोपऱ्यात ग्रोबुआनं फेर्नांसमोर पेन धरलं होतं. फेर्नांनं ते अजून हातात घेतलं नव्हतं. "मी मोजल्या होत्या हो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि दर वेळी त्याचा आवाज जरा कमी खात्रीचा होत होता.

ओदीलनं पिवळा कागद काढला. गुलाबीसुद्धा काढला, तो ब्लाउजच्या आत, ओल्या रुमालाच्या घडीत सरकवला.  ती टेबलापर्यंत गेली, ग्रोबुआच्या हाताखालून हात घातला आणि कागद फेर्नांपुढे ठेवला.

"सही करू नका, फेर्नांबाबा. आधी हे वाचा. मग फोन कुठाय ते दाखवा. आधी मादाम पिकारना लावते, मग पोलिसांना."

"मादाम," ग्रोबुआ खालच्या आवाजात म्हणाला, "ही तुमची शेवटची चूक."

फेर्नांनं चष्मा खाली घेतला. तो वाचत असताना ओदीलनं मान वर केली. गराजच्या उतरत्या रस्त्याच्या तोंडाशी, धुक्यात, दास्तिए उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता. कॉलर उभी. सिगारेट डाव्या हातात, निम्मी जळलेली. मग त्यानं ती टाकली, बुटानं विझवली आणि गाडीच्या दिशेनं निघाला. घाई न करता.

तो त्या अंधाऱ्या जिन्याकडेच निघाला असेल तर? ओदीलनं स्टॉपवॉच दाबलं आणि फेर्नांनं बोट दाखवलं तिकडे, फोनकडे धावली.