खुंटीवरचं यंत्र

“लेकरू उचलण्याआधी आपला तोल बघायचा गं. आपण सावरलेल्या, तर लेकरू सावरलेलं.”

सासूबाईंचे हे शब्द मावशींच्या कानात अजून ताजे होते. पाळणाघर सासूबाईंनीच सुरू केलं होतं. त्या गेल्या आणि मावशींनी ते पुढे चालवलं. कामावर जाणाऱ्या आया सकाळी लेकरं सोपवून जात आणि दिवसभर निश्चिंत राहत.

अलीकडे मात्र मावशींचा स्वतःचाच तोल जाऊ लागला होता. चालता चालता एकदम डोळ्यांपुढे अंधारी यायची, कानांत सूं व्हायचं, आणि क्षणात सगळं पूर्ववत. अशा वेळी त्या भिंतीला पाठ टेकून खाली बसत आणि डोळे मिटून घेत. कुणी विचारलंच तर हसून म्हणत, “गुडघे कुरकुरतात गं. वय झालं.”

शेवटी त्यांच्या नणंदबाई त्यांना हट्टानं दवाखान्यात घेऊन गेल्या. या वन्सं घरात थोरल्या, पाळणाघराचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, बोलायला फटकळ आणि मनानं लोणी. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचे ठोके नोंदणारं एक छोटं यंत्र दिलं. तारा छातीला चिकटवायच्या, डबी कमरेला. “दिवसरात्र अंगावर हवं. काढायचं नाही,” असं बजावलं.

यंत्र परत दिल्यावर तपासणीच्या खोलीतली मुलगी कागद बघून हसू लागली.

“मावशी, रात्री तुमचं हृदय छान चाललंय. पण दिवसा नुसती सरळ रेघ! काळीज काय खुंटीवर टांगून ठेवलं होतं?”

मावशी खाली मान घालून म्हणाल्या, “काळीज नाही, डबी टांगली होती. पोरं तारा ओढतात ना.”

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. “बसा इथं. आपल्या हृदयाच्या वरच्या भागात एक इवलीशी जागा असते. तिथून विजेची बारीकशी लहर निघते. मधल्या नाक्यावर ती जरा थांबते, मग खालच्या कप्प्यांत पोचते आणि ठोका पडतो. तुमची लहर अधूनमधून त्या नाक्यावरच अडकत असावी, असा माझा अंदाज आहे. वरून हाक निघते, खाली पोचतच नाही. पण यंत्रानं ते पकडल्याशिवाय मी कशाच्या आधारावर उपचार ठरवू? अंधारी येते दिवसा, आणि दिवसा यंत्र खुंटीवर!”

घरी आल्यावर वन्संनी चहाचं आधण ठेवलं आणि तोफ डागली.

“पोरं तारा ओढतात म्हणे! मला शिकवतेस? आयांना दिसू नये म्हणून काढलंस तू.”

“मग काय करू, वन्सं? वायरी लावलेल्या बाईकडे कोण पोर ठेवील? सासूबाईंनी उभं केलेलं घर माझ्या हातून बंद पडायचं.”

“आणि कडेवर पोर असताना पडलीस म्हणजे?”

“देव आहे की सांभाळायला.”

“आहेच! त्यानंच डॉक्टरीण दिली, यंत्र दिलं, माझ्यासारखी कटकटी नणंद दिली. अजून काय करावं गं त्या बिचाऱ्यानं? स्वतः येऊन तारा चिकटवाव्यात?”

मावशींना हसू आलं, पण मन काही वळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी एकटीच खेळत होती. ठमीची आई बसवर कंडक्टर. गुबगुबीत ठमीनं बाहुली कडेवर घेतली, चार पावलं टाकली आणि एकदम भिंतीला पाठ टेकून घसरत खाली बसली. डोळे मिटले, मान कलली. हात सैल सुटले आणि बाहुली फरशीवर डोक्यावर आपटली.

“अगं बाई! ठमे, काय झालं?” वन्सं धावल्या.

ठमीनं एक डोळा उघडला. “काही नाही. मी मावशी झाले. मावशी अशीच करते.”

मावशी दारात उभ्या होत्या. त्या बाहुलीकडे बघतच राहिल्या. अरे देवा! जगापासून लपवलेलं या चिमुरडीनं पाहिलं होतं, आणि बाळ घेऊन चालायची हीच रीत असं समजून उचललंही होतं!

त्यांनी बाहुली उचलून छातीशी धरली. मग वन्संचा हात घट्ट धरून म्हणाल्या, “यंत्र पुन्हा आणू. आणि तुमची शपथ, बरी होईपर्यंत एकही लेकरू कडेवर घेणार नाही.”

यंत्र पुन्हा आलं. त्या सकाळी मावशी दारातच स्टुलावर बसल्या. डबी कमरेला, सगळ्यांना दिसेल अशी. येईल त्या आईला त्यांनी सगळं सांगितलं. एका आईनं मुलाला तसंच परत नेलं. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी तिला बोल लावला नाही.

ठमीची आई म्हणाली, “आमच्या ड्रायव्हरला चक्कर येते, हे त्यानं लपवलं तर मी त्याच्या गाडीत पाऊल टाकणार नाही. सांगून बाजूला बसला, तर बरा होऊन येईपर्यंत वाट बघीन. ठमी इथंच राहील, मावशी. उचलाउचलीला माझी बहीण येईल.”

या खेपेला यंत्रानं अडलेली लहर बरोबर पकडली. डॉक्टरीणबाईंनी लहर अडली की ठोका देणारा पेसमेकर बसवायचं ठरवलं.

वाचकहो, आपल्याही घरात एखादी मावशी असेल. चक्कर आली की “काही नाही, अशक्तपणा” म्हणत ती पदर खोचत असेल. तिला हाताला धरून दवाखान्यात न्या. आणि आजार उघड सांगणाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका. लपवायला माणूस शिकतो तो आपल्याच भीतीनं. दुखणं सांगणं ही लाज नाही. ज्यांनी आपल्यावर भरवसा टाकला, त्यांच्याशी राखलेलं ते इमान आहे.

ठरल्या दिवशी दुपारी लेकरं जेवून झोपली होती, ठमीच्या आईची बहीण त्यांच्यापाशी बसली होती. ठमी तेवढी जागी होती.

“मावशी, परत आल्यावर मला उचलशील?”

“उचलीन हो. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं की पहिली तुला.”

मावशींनी तिचं पांघरूण सारखं केलं, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पिशवी वन्संच्या हाती दिली. उंबऱ्यापाशी त्या क्षणभर थांबल्या, आपला तोल पाहिला, आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून दार हलकेच लोटून दवाखान्याच्या वाटेला लागल्या.