डोक्यात घातलेलं हेल्मेट

मी हेल्मेट बोलतोय. पोलीस ठाण्याच्या कपाटात, सील केलेल्या पिशवीत आहे, म्हणून आवाज दबका वाटेल.

कारखान्यात मला आपटून आपटून पाहिलं. फुटलो नाही. "डोकं वाचवेल हा," म्हणून पास केलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घेतलं. लाल रंग लेकीने निवडला. स्कूटरवर मागे बसून शाळेत जाताना ती आईच्या डोक्यावरच्या माझ्यावर टकटक करायची, "टोमॅटो, आहेस का आत?"

मग टकटक थांबली. कुणी बाप्या फोनवर तिच्याच वयाचा मुलगा बनून तिच्याशी बोलत होता, फोटो मागत होता, धमकावत होता. बाईने ते वाचलं आणि शरमेने सगळं पुसून टाकलं. घरात ती घाण नको!

अशा माणसांना पकडणारी पोरांची एक टोळी होती, बाई त्यांच्याकडे गेली. म्होरक्याला सगळे दादा म्हणत. दादाने मुलगी बनून त्याच्याशी बोलणं लावलं, बागेत बोलावलं. ठाण्यातल्या पोलीसबाईंनी बाईला आणि पोरांना बजावलं होतं, "आला की कळवा. त्याला हात लावू नका, त्याच्या फोनला तर मुळीच नाही."

"मॅडम येईपर्यंत तो घरी जाऊन झोपेल, ताई," दादा हसला.

तो आला. पोरांनी त्याला पाडला, लाथांनी तुडवला. बाईने मला पट्ट्याला धरून फिरवलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. हाड वाजलेलं मला आतपर्यंत ऐकू आलं. माझी काच रक्ताने माखली. "माझी पोर आहे ती! माझी पोर!" त्याचा फोन पडला, तर त्याच्यावरही मला आपटत राहिली, भुगा होईस्तोवर. पोरं ओरडत होती, "द्या ताई, अजून द्या!"

पोलीसबाई आल्या. खाली बसून भुगा वेचू लागल्या. "अहो ताई, यात अजून किती जणींच्या मुली होत्या! आता कोर्टात काय दाखवू? दादाच्या फोनात तर या पोरांनीच त्याला बोलावलंय."

जखम भरली, तो सुटला. खटला बाईवर चालू आहे. त्याच्याविरुद्धच्या पुराव्याचा भुगा झाला. तिच्याविरुद्धचा मी मात्र शाबूत, साधा तडासुद्धा नाही.

आयांनो, राग यायलाच हवा. पण माझ्यात डोकं घाला, मला कुणाच्या डोक्यात घालू नका.

काल ओळख पटवायला मला टेबलावर ठेवलं. "हो, माझंच," बाई म्हणाली. लेक तिला बिलगून उभी होती. तिने हळूच पिशवीवर टकटक केली.

आत डोकं नव्हतं.