मागच्या पानावरची ताई

मित्रांनो, मी वही आहे, पण तुमच्या दप्तरात मावणारी नव्हे. मला उचलायला दोन हात लागतात. बोटीने परक्या देशातून येणाऱ्या माणसांची नावे लिहिण्यासाठी मला एका बंदरावर आणले गेले. बाइंडरने मला दुहेरी दोऱ्याने शिवले होते आणि पाठीवर थाप मारून तो म्हणाला होता, "ही आपल्याला पुरून उरेल." तसेच झाले. आता मी नव्वदीकडे झुकले आहे. या वयात शांत असावे म्हणतात. मला ते कधीच जमले नाही.

माझे काम उतारूंच्या लांबलचक खोलीत चाले. दाराशी डॉक्टर उभे असत आणि रांगेच्या कठड्याच्या शेवटी माझे टेबल असे. नाव, वय, कुठून आला, कोणाकडे जाणार, अंगठा आणि शेरा असे माझे रकाने होते. कारकून मोठा टापटिपीचा. त्याची एक खास पद्धत होती. धडधाकट माणसांची नावे तो पुढच्या पानापासून लिही. डॉक्टरांनी कुणाला साथीच्या वॉर्डात धाडले, की तो मला उलटे करी आणि त्याचे नाव मागच्या बाजूने लिही. आजाऱ्यांची पाने सारखी हाताखाली यायला नकोत, असे त्याचे म्हणणे. लिहून झाले की उठून साबणाने हात धुवी. ही पद्धत त्याने कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारलीच नाही.

एके दिवशी दोन बहिणी माझ्यासमोर आल्या. थोरली नऊ वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची. आई नव्हती आणि बाप पलीकडे ट्रंक तपासून घेत होता. धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला होता. थोरलीने आपणहून बाही वर केली.

"डॉक्टर, मला कालपासून हे पुरळ आलंय. हिला नाहीये. हिला बाजूला करा," ती म्हणाली.

मग तिने धाकटीची बोटे एकेक करून आपल्या हातातून सोडवली आणि दोन पावले मागे सरकली. धाकटीने भोकाड पसरले. कारकुनाने मला उलटे केले, नाव लिहिले, थोरलीचा अंगठा शाईत टेकवून माझ्यावर उमटवला आणि शेरा लिहिला, 'पुरळ मुलीने स्वतः दाखवले. धाकटीला जवळ येऊ देत नाही.'

बापाला आतल्या गावी गिरणीत काम मिळाले होते आणि हजर व्हायची तारीख ठरलेली होती. महिन्याने थोरलीला न्यायला येतो असे सांगून तो धाकटीला घेऊन गेला. पण तेवीस दिवसांत साथ ओसरली, वॉर्ड बंद झाला आणि बरी झालेली पोर जाणार कुठे, असा प्रश्न पडला. वॉर्डाचे कपडे धुणाऱ्या बाईने तिला आपल्या घरी नेले. कारकुनाने त्या बाईचे नाव आणि पत्ता शेऱ्याखाली नीट लिहून ठेवला. पुढच्याच आठवड्यात त्याची बदली झाली.

बाप सांगितल्याप्रमाणे आला. नव्या कारकुनाने मला उघडले, पण पुढून. एकेक ओळ बोटाने तपासली, दोनदा तपासली. माणूस वाईट नव्हता.

"तिचं नाव नाही, सुटल्याची नोंदही नाही," तो म्हणाला. "आणि वॉर्ड तर बंद झाला."

"मग माझी पोर?"

कारकुनाने मला मिटले. पोर साथीत गेली, असेच बाप समजला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसे झाले. मी त्याच्या पुढ्यात पडले होते, त्याची मुलगी माझ्या मागच्या पानावर होती आणि मला तोंड नव्हते. त्या दिवसापासून माझ्या जिवाची जी घालमेल सुरू झाली, ती थांबलीच नाही.

पुढे बोटी बंद झाल्या आणि मला तळघरात टाकले. तिथे ओल होती, पुस्तके खाणारी कसर होती. एका कोपऱ्याचे चामडे कुरतडले गेले. कुणी धूळही झटकली नाही. मग एकाएकी माझे भाग्य उजळले. आपले पूर्वज कधी आले, हे शोधायला माणसे येऊ लागली. मला फडक्याने पुसले, 'अमूल्य ठेवा' म्हणून माझे कौतुक केले आणि माझ्या पानांचे फोटो काढायला एक माणूस नेमला. मला वाटले, आता सुटले. मागच्या पानांपर्यंत आल्यावर तो म्हणाला, "ही उलटी आहेत. कच्चं काम दिसतंय." त्याने ती सोडून दिली.

त्यानंतर तीन वर्षांनी एक नर्सबाई आली. नोकरीतून निवृत्त झालेली, पाठीत वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. त्या धाकटीची ही मुलगी. धाकटी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि अंथरुणाला खिळली होती. तिने जन्मभर एकच गोष्ट उगाळली होती, की माझ्या हातून ताईचा हात सुटला म्हणून ती गेली. निदान ताईचे पुढे काय झाले ते कळावे, म्हणून लेकीची धडपड चालली होती. चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरवर बाप सापडे, धाकटी सापडे. थोरली नाही.

"मला मूळ वही बघू द्या," ती म्हणाली.

"काकू, सगळं कॉम्प्युटरवर आहे. वहीत वेगळं काय दिसणार?" रेकॉर्ड सांभाळणारा म्हणाला.

पाचव्या खेपेला ती वरच्या साहेबांची चिठ्ठी घेऊन आली. मला टेबलावर ठेवले. तिने शेवटच्या नावापर्यंत सगळे वाचले. पुढे कोरी पाने लागली. तिने मला मिटले आणि उचलून परत देऊ लागली. मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असते तर मी उडी मारली असती.

तिचा हात माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर थबकला.

"दादा, वही पुढून लिहिलीय ना? मग मागचा पुठ्ठा एवढा मळका कसा?"

"जुनीच आहे काकू. मळणारच."

"आमच्या वॉर्डात साथीचे पेशंट आम्ही वहीच्या मागून लिहायचो," ती हळूच म्हणाली, आणि तिने मला उलटे केले.

आठवड्याने ती आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. शेरा वाचून दाखवला, दोनदा वाचला. धोबिणीचा पत्ताही वाचला. म्हातारीने शेऱ्याच्या ओळीवर बोट ठेवले.

"म्हणजे हात तिनं सोडला होता," ती म्हणाली.

मग तिने आपला सुरकुतलेला अंगठा त्या शाईच्या ठशाशेजारी ठेवला. ठसा तिच्या नखाहून थोडासाच मोठा होता.

"एवढासा अंगठा? मला तर ती केवढी मोठी वाटायची गं."

"नऊ वर्षांची होती आई ती."

"लेकरूच होतं की," म्हातारी म्हणाली, आणि चार वर्षांच्या मुलीने रडावे तशी रडली.

नर्सबाई आता त्या धोबिणीच्या गल्लीतल्या नोंदी शोधते आहे. मित्रांनो, आम्हा जुन्या वह्यांना ओलीपासून आणि कसरीपासून जपा. पण कपाटात घालून कुलूप लावले म्हणजे जपले असे समजू नका. आम्हाला उघडा, शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि एकदा उलटे करूनही बघा. माझ्या फळीवर त्याच पहिल्या कारकुनाच्या हातच्या आणखी अकरा वह्या आहेत. सगळ्यांचे मागचे पुठ्ठे मळलेले आहेत, आणि त्यांना अजून कुणी उलटे केलेले नाही.