दुसरी सीडी

रोशनी, माझी नणंद, बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आईंनी आगाशीच्या बाजारातून मुशी, म्हणजे लहान शार्क, आणली होती. खारवून, वाळवून, डब्यात भरून ठेवली होती. मुशीच्या कालवणानं बाळंतिणीला दूध उतरतं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

बाळ गेलं. त्याच रात्री रोशनीची पिशवीही काढावी लागली. दूध मात्र मुशी न खाताच आलं, आणि थांबेना. आईंनी तिच्या छातीला फडकं घट्ट आवळलं आणि डबा माळ्यावर टाकला. तेव्हापासून घरात त्या माशाचं नाव कोणी काढत नव्हतं.

माझी अनुष्का तेव्हा रांगायला लागली होती. तिला पाजायला मी आतल्या खोलीत जायची, दार लोटून. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं चुटूचुटू पिणं बाहेर जाऊ नये म्हणून पंखा मोठा करायची.

सव्वा महिना होऊन गेला तरी चांदीपहून, रोशनीच्या सासरहून, कोणी आलं नाही. जितेंद्र, तिचा नवरा, फोनवर येईना. मग एकदाचा निरोप आला. रविवारी दुपारी येतो, बोलायचं आहे.

रविवारी रोशनीनं सकाळीच डोक्यावरून पाणी घेतलं, ठेवणीतली साडी नेसली, बॅग भरून दाराशी आणून ठेवली.

"न्यायलाच येतायत," ती म्हणाली. "नाहीतर एवढ्या लांब कशाला येतील?"

आई शेगडीतली राख उकरत राहिल्या. अल्पेश, माझा नवरा, पाहुण्यांना घ्यायला स्टॉपवर गेला. घरात नुसतं घड्याळ वाजत होतं. मला ते सोसेना, म्हणून मी टीव्ही लावला.

केबलवाला आग्नेल रविवारी आपल्या चॅनलवर सीडी लावायचा. खाली साडी सेंटरची आणि दहावीच्या क्लासची जाहिरात सरकत असायची. त्या दिवशी हिंदीत डब केलेला इंग्रजी सिनेमा होता. आभाळातून एक तबकडी आली. तिला धरलेला दोरा स्पष्ट दिसत होता. तबकडीतून हिरवे लोक समुद्रात उतरले, आणि एकेक करून माशांच्या पोटात शिरले.

त्या मुशी होत्या. पडदाभर मुशीच मुशी.

"बंद कर ग ते," आई म्हणाल्या. मी उठले.

"राहू दे, वहिनी," रोशनी म्हणाली.

मुशी हॉटेलच्या तरणतलावात आली. पाणी गुडघाभर, मुशी रबराची. तरी सगळे किंचाळत पळत होते. आत बसलेला हिरवा माणूस गडगडाटी हिंदीत म्हणाला, "अब पृथ्वी पर हमारा राज होगा," आणि वळला, तर त्याच्या पाठीला रेनकोटची चेन.

रोशनी बघत होती. मग अगदी सहज म्हणाली, "आई, ही मुशी रांधली तर अख्ख्या वसईला दूध पुरेल."

आई लेकीकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"आनि कापाला कोन बसनार? मी नाय. माझी कंबर मोडंल."

"तो हिरवा आहे की. त्यालाच विळीवर बसव."

"त्याला चुलीला पानी ठेवाला सांग आधी!"

आम्ही तिघी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रोशनी तर भिंतीला टेकून, पोट धरून. तेवढ्यात पहिली सीडी संपली, पडदा निळा झाला, आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

रोशनीच्या सासूबाई, जयवंतीबाई, आणि जितेंद्रचे श्रीपतमामा उतरले. अल्पेशची आणि त्यांची चुकामूक झाली होती. मी घाईघाईनं आवाज तेवढा बंद केला. रोशनी पदर घेऊन पाया पडली, पाणी दिलं, समोर बसली. जयवंतीबाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या.

"हे नाही आले?" रोशनीनं विचारलं.

"त्याला बघवत नाय तुझ्याकडं," जयवंतीबाई म्हणाल्या. "दोष कोणाचा नाय. पण आमचा एकुलता एक. पुढं घर चालायला पायजे ना?"

"पोरगी गुणाची आहे, आम्ही नाही कुठं म्हटलंय?" मामा म्हणाले.

"विहिनबाई, पोरीचा जीव वाचला तेच खूप समजा," आई म्हणाल्या. "एवढ्यात असं बोलू नका."

जयवंतीबाईंच्या डोक्यामागे आग्नेलनं दुसरी सीडी लावली होती. हिरवा माणूस मुशीवर बसून एका इमारतीवरून उडाला. उडता उडता त्याचा एक पाय निखळून खाली पडला. मुशी थांबली. तो उतरला, पाय उचलला, काखेत मारला आणि परत बसला.

रोशनीनं ओठ दाबून धरले. तरी हसू फुटलंच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, थांबता थांबत नव्हती.

जयवंतीबाईंनी वळून टीव्ही बघितला.

"बघितलंत मामा? पोर जाऊन चार दिवस नाय झाले, आणि ही खिदळते!"

मामा रिक्षाकडे गेले आणि ट्रंक घेऊन आले. ती आधीपासूनच रिक्षात होती. ओटीवर ठेवली. झाकणावर लग्नात रंगवलेलं नाव: सौ. रोशनी जितेंद्र.

"राह्यलेली भांडी पाठवू," जयवंतीबाई म्हणाल्या.

रिक्षा गेली. थोड्या वेळानं अल्पेश घामाघूम होऊन आला, दोन्ही हातांत सरबताच्या गार बाटल्या.

"आले नाहीत का अजून?" त्यानं विचारलं, आणि मग त्याला ट्रंक दिसली. दाराशी भरलेली बॅग होती तशीच होती. तो बाटल्या धरून मध्येच उभा राहिला.

सिनेमा संपून गेला होता.

"दादा," रोशनी म्हणाली, "आग्नेलला फोन लाव. दुसरी सीडी परत लाव म्हणावं. शेवट राहिला."

अल्पेशनं माझ्याकडे बघितलं, मग फोन लावला. आग्नेल जरा कुरकुरला, पण लावली त्यानं. आईंनी बाटल्या फोडून पेले भरले. कोणी प्यालं नाही.

अनुष्का उठली, रडायला लागली. तिला उचलून मी आत निघाले.

"कुठे चाललीस?" रोशनीनं विचारलं.

"हिला पाजते."

"इथंच पाज."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. पंखा लांब होता. चुटूचुटू आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"तिकडून तुला काय दिसणार?" रोशनी म्हणाली. "इकडे वळ."

मी वळले. पडद्यावर हिरव्या माणसाचा पाय पुन्हा निखळला. ह्या वेळी कोणीच हसलं नाही. रोशनीच्या ब्लाउजवर ओल पसरत होती. तिनं पदर पुढे ओढला आणि टीव्हीकडे बघत राहिली.