रडणारा गोळा

गोळा सकाळी दहाच्या सुमाराला रडायला लागायचा, म्हणून माणसं आठपासूनच तंबूबाहेर बसायची. ऑगस्टचा महिना होता. अक्तासच्या माळावर पाय पडला की गवताचा चुरा होत होता, विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. आणि अशा दिवसांत झुमाकानच्या तंबूत जाड लोकरी नमद्याच्या गादीवर ठेवलेला कलिंगडाएवढा धातूचा गोळा घळाघळा पाणी गाळत होता.

अक्तासला आभाळातून काहीतरी पडण्याचं नवल नव्हतं. अंतराळतळावरून सुटलेली रॉकेटं डोक्यावरूनच जायची आणि आपले सुटे भाग इथेच टाकून जायची. त्या पत्र्यांची लोकांनी कोंबड्यांची खुराडी केली होती. पण या गोळ्याला झुमाकान भेटला.

"एकसष्ट साली पहिला माणूस आभाळात गेला," झुमाकान डोळे मिटून सांगायचा. "त्यानं वर सोडलेला पहिला श्वास या गोळ्यात कोंडलाय. तुमचं दुखणं बघून त्याला रडू येतं. थेंब जिभेवर घ्या. औषध सोडा. दोन्ही एकदम चालत नाही, श्वासाला अपमान वाटतो."

"तो माणूस एकशे आठ मिनिटांत परत आला," मागून रौशानबाई म्हणाल्या. "श्वास मात्र तेहतीस वर्षं वरच थांबला?"

"बाई, तुम्ही शाळेत शिकवा," झुमाकान डोळे न उघडता म्हणाला. "इथे शिकायला या."

लोक हसले. रौशानबाईंचा थोरला भाऊ तोलेगेनही हसला.

तोलेगेनला जुना मधुमेह होता. आठ दिवसांपासून त्यानं इन्सुलिन घेतलं नव्हतं. घागरभर पाणी पिऊनही त्याची तहान भागत नव्हती, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती.

"दादा, तू हेलिकॉप्टरचा मेकॅनिक," घरी येताना रौशानबाई म्हणाल्या. "अंतराळवीर उतरले की त्यांना यानातून बाहेर काढणारा. तू या भोंदूचं ऐकतोस?"

"म्हणूनच ऐकतो. आगीतून आल्यासारखं काळं पडलेलं यान, आणि आत माणूस जिवंत! माझ्या हातांनी उचललंय मी त्यांना. तू पुस्तकातच वाचलंस. आभाळात काय आहे, मला विचार."

रौशानबाईंनी वाद वाढवला नाही. त्यांना एकच गोष्ट खटकत होती. एवढ्या उकाड्यात झुमाकान तंबूची वरची झडप बंद ठेवून आत मोठी कढई का उकळत ठेवतो? आणि दुपार झाली की गोळा का थांबतो? 'श्वास दमतो,' असं झुमाकानचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उपसलेलं विहिरीचं थंडगार पाणी त्यांनी दुधाच्या किटलीत भरलं, किटली नमद्यात गुंडाळली आणि तंबूत जाऊन नमदा काढून गोळ्याशेजारी ठेवली.

"हे काय?" झुमाकाननं विचारलं.

"किटली. तिचंही दुखणं आहे."

कढई उकळत होती. गोळ्यावर थेंब आले. थोड्या वेळानं किटलीवरही आले आणि ओघळू लागले. मग म्हातारी झीबेक पुढे सरकली, किटलीवरून बोट फिरवलं आणि ते भक्तिभावानं डोळ्यांना लावलं.

"आजी, ती माझी किटली आहे. काल तिच्यात दूध होतं."

"असू दे गं बाई. रडतेय ना!"

रौशानबाईंनी कपाळाला हात लावला. मग उठून झडप उघडली, कढईखालचा जाळ विझवला आणि गोळा व किटली दोन्ही फडक्यानं कोरडी पुसली. वाफ निघून गेली. माणसं बघत राहिली, पण एक थेंब पुन्हा आला नाही.

"ही कढईतलीच वाफ," त्या म्हणाल्या. "गार धातूला लागली की तिचं पाणी होतं. रडायला श्वास लागत नाही. आता गोळा गार कसा, ते बघू. दादा, उलटा कर."

"हात लावू नका! पाप लागेल!" झुमाकान ओरडला.

तोलेगेन मात्र उठला होता. लंगडत गेला, त्यानं गोळा उचलला आणि हातात तोलला. आयुष्यभर यंत्रं हाताळलेल्या माणसाचा चेहरा बदलला.

"ही तर दाबाची हवा भरायची टाकी," तो हळूच म्हणाला. "रिकामी असायला हवी. जड कशी?"

खाली लाकडी बूच होतं. ते काढताच पहाटे भरलेलं विहिरीचं गार पाणी भळभळ गादीवर सांडलं; दुपारी ते कोमट झालं, की गोळ्याचं रडणं थांबायचं.

चौकशीत कळलं, की झुमाकान पूर्वी शहरातल्या सार्वजनिक न्हाणीघरात भट्टीवाला होता. वाफेचं त्याला चांगलं ज्ञान होतं, हे रौशानबाईंनीही मान्य केलं.

तोलेगेनला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. जीव वाचला; अंगठा काढावा लागला. परत आल्यावर शेजारी भेटायला जमले. कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या गावात एक खरा गोळा आहे म्हणे.

तोलेगेननं बँडेज बांधलेला पाय पुढे केला.

"मी ज्यांना यानातून उचललं, ते कुणाच्या श्वासावर परत आले नाहीत. एकेक बोल्ट तीनदा तपासला होता, म्हणून आले. आम्ही 'कशावरून?' असं विचारल्याशिवाय साधी नळीसुद्धा जोडत नव्हतो. मी तेवढं एकदा विचारलं नाही. तुम्ही विचारा."